मुक्ताला, रविवारच्या डोकेदुखीबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

होस्टेलच्या फोनवर हे सगळं बोलून होत नाही. मागे मुलींची रांग असली की तू "बरी आहे गं" म्हणून उरकतेस. म्हणून लिहायला बसले. वाचताना डोकं ठणकत असेल तर पत्र बाजूला ठेव, उद्या वाच.

आधी एक सांगते. तुझं दुखणं खरं आहे. "टेस्ट जवळ आली की हिचं डोकं चढतं" असं रूममध्ये कुणी म्हणालं ते मनाला लावून घेऊ नकोस. अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे आणि आपल्या घरात तो चालत आलाय. तुझ्या आजीला होता, मला आहे. आजी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, जुन्या लुगड्याची पट्टी डोक्याला करकचून बांधायची आणि माजघरात अंधार करून पडायची. शेजारणी तिला सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला सांगायच्या. डॉक्टरकडे तिला कुणी नेलंच नाही. बायकांचं डोकं दुखायचंच, असं धरून चालायचे सगळे. वयात येईपर्यंत हा त्रास मुलगे-मुली दोघांत साधारण सारखाच दिसतो. पुढे मात्र बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट. तुझ्या बाबतीत आपण वेळेत डॉक्टर गाठलेत, याचं मला केवढं समाधान आहे.

मागच्या टेस्टला ओएमआर शीटवरचे गोळे मधूनच दिसेनासे झाले आणि कडेने चमचमती नागमोडी रेघ सरकत गेली, तेव्हा डोळे जातात की काय असं तुला वाटलं. डॉक्टरांनी तपासून त्याला ऑरा म्हटलं ते तुझ्या लक्षात आहेच, पण आत काय घडतं तेही समजून घे, भीती कमी होईल. मेंदूच्या मागच्या बाजूला पाहण्याचं काम करणारा जो भाग आहे, त्यावरून एक लाट हळूहळू पसरते, मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर. ती पुढे जाते तशी तुझी रेघही सरकते. पाच मिनिटांपासून तासाभरात हे ओसरतं. मग तुझ्या बायोलॉजीच्या पुस्तकातली ट्रायजेमिनल नर्व्ह, म्हणजे चेहऱ्या-डोक्याच्या संवेदना नेणारी नस, चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं पेप्टाइड सुटतं आणि ठणका सुरू होतो. पुन्हा तशी रेघ दिसली तर पेन खाली ठेव, डोळे मिट, सरांना सांग. तेवढ्या वेळात चार प्रश्न राहिले तर राहू देत.

आता तुझा रविवार. माझ्या कालनिर्णयवर तुझ्या दुखण्याच्या दिवशी मी लाल पेनाने फुली करते, आणि बहुतेक फुल्या रविवारच्या रकान्यात आहेत. मी त्या रविवारचा विचार करत बसले. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागरण. सकाळी टेस्ट, पोटात गोळा, म्हणून मेसचे पोहे टाकून नुसता चहा. बाटली भरायची राहिली. दुपारी पेपर सुटला, लातूरचं ऊन डोक्यावर, स्कार्फ बॅगेत. रूमवर येऊन डोक्यावरून न्हाणं, आणि ओल्या केसांचा अंबाडा घालून पंख्याखाली झोप. यातली एकच गोष्ट झाली असती तर कदाचित तुझं डोकं गप्प राहिलं असतं. सगळ्या एकावर एक चढतात तेव्हा ते उठतं. शिवाय आठवडाभराचा ताण एकदम उतरला की दुखणं येतं, असं पुष्कळांना होतं. न्हाण्याचं तर आपल्याकडे नोंदलेलंही आहे: डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या 94 भारतीय रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉ. के. रविशंकर यांनी 2006 साली प्रसिद्ध केल्या. तेव्हा न्हाणं टेस्टच्या दिवशी नको. बुधवारी संध्याकाळी क्लास लवकर सुटतो, तेव्हा न्हा, आणि केस पूर्ण वाळवून मगच वेणी घाल.

चॉकलेटने डोकं उठतं असं म्हणतात, पण ते एकदम बंद करायची गरज नाही. काही वेळा गोड खावंसं वाटणं, जांभया, मान आखडणं ही दुखणं येत असल्याचीच चिन्हं असतात. तुला जांभया सुरू झाल्या की मला फोनवरही कळतं.

गोळीबद्दल नीट वाच. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखायला लागल्याबरोबर घ्यायची, दात खाऊन तीन तास सोसल्यावर नाही. उशीर झाला की ती नीट लागू पडत नाही आणि उलटी झाली तर वायाच जाते. पण मोजून. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, खास अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गटातल्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. मैत्रिणीच्या डब्यातली गोळी तर अजिबात घ्यायची नाही, ॲस्पिरिन तर नाहीच.

रोज घ्यायचं औषध का दिलं नाही, असं तू विचारलं होतंस. 2017 साली अमेरिकेत 8 ते 17 वयाच्या मुलांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन नेहमीची औषधं आणि औषध नसलेली गोळी, असे तीन गट. तिन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, आणि औषधं त्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून डॉक्टर आधी झोप, जेवण, पाणी यांची घडी बसवायला सांगतात. त्यानेही भागलं नाही तर पुढचं बघू, मार्ग आहेत.

मात्र डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तापासोबत मान ताठली, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं किंवा पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या झाल्या, तर रात्र असो की टेस्ट, रेक्टर मॅडमना उठवायचं आणि थेट दवाखान्यात जायचं.

मेडिकलच्या नीट परीक्षेचं तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. एखादा रविवार गेला म्हणून तुझी मेहनत जात नाही. आणि वर्ष थांबावं लागलं तर थांबू, मी आणि बाबा दोघंही यावर बोललो आहोत, आमचं ठरलेलं आहे. तू फक्त दुखणं लपवू नकोस.

शनिवारी बाबा येताहेत. त्यांच्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे, ती रेक्टर मॅडमना दे आणि एक प्रत क्लासच्या ऑफिसात. नवी पाण्याची बाटली आहे, सुती स्कार्फ आहे, आणि टेस्टच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत म्हणून शेंगदाण्याचे लाडू. एक तरी खाऊनच निघायचं. अभ्यासिकेत तुझ्या जागेवरची ट्यूब लुकलुकते म्हणालीस, ती अजून तशीच असेल तर बाबांना सांग, ते मॅडमशी बोलून जागा बदलून घेतील.

तुझी
आई