मुलांच्या पोटगीबाबत सूचना

सर्व भगिनींना नमस्कार. पती-पत्नी वेगळे राहत असले, तरी मुलांच्या खर्चाची वडिलांची जबाबदारी संपत नाही. विवाहबाह्य मुलांनाही हा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे, नव्या अर्जात तेच लिहा. अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती पोटगी, जरूर मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. निकालापर्यंत शाळेची फी थांबत नाही, म्हणून हे फार महत्त्वाचे! फी, औषधे यांच्या पावत्या जपून ठेवा.

वकिलाच्या खर्चापायी कुणीही मागे राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.