मॅडम, माझं वाक्य पूर्ण होऊ दिल्याबद्दल

शरीररचनाशास्त्र विभागातल्या मॅडमना,
स. न. वि. वि.

मी तुमच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आई. घणसोलीला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. पालकभेटीच्या दिवशी तुम्ही मुलांना शिकवायचा तो एआर चष्मा, म्हणजे समोरच्या खऱ्या खोलीत आभासी चित्र दाखवणारा चष्मा, मला लावून दिलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र.

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बसला तो बसलाच. मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. जिथे ऑपरेशन झालं तिथे विचारलं, तर फायलीतून मान वर न करता उत्तर आलं, "होतं असं कधी कधी." माझा अर्धा प्रश्न त्यांनीच पुरा केला, तोही चुकीचा. तो राग अजून गेलेला नाही.

चष्म्यातून खोली तशीच दिसत होती आणि समोर हवेत माणसाचा गळा उभा होता. तुम्ही कातडी, स्नायू एकेक थर बाजूला केलात. थायरॉईडच्या मागे, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून एक पिवळी नस, म्हणजे मज्जातंतू, स्वरयंत्राकडे चढत होती. डावीकडची तर आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग परत वर येते! मी वाकून, बाजूने फिरून तो वळसा पाहिला. ती नस दुखावली की त्या बाजूचा स्वरतंतू हलत नाही, दोन्ही तंतू नीट जुळत नाहीत, हवा निसटते. मुलगी म्हणते, हे आधी असं पाहिलं की डिसेक्शनच्या टेबलावर नस कुठे शोधायची ते कळतं. मला माझा आवाज कुठे गेला ते कळलं.

मग मी प्रश्न विचारायला लागले. माझं वाक्य मध्येच तुटतं, पुन्हा श्वास घ्यावा लागतो. मागे रांग ताटकळली होती. तुम्ही स्टूल ओढून समोर बसलात आणि माझ्या शेवटच्या शब्दापर्यंत थांबलात. एकही शब्द सुचवला नाहीत. आता घरचेसुद्धा इतकं थांबत नाहीत, मॅडम. घरी येऊन मी रडले. माणसाचं पुरतं ऐकून घेणारी माणसं या पेशात आहेत आणि माझी लेक त्यांच्या हाताखाली शिकतेय, याचं फार समाधान वाटतं.

तुम्ही सांगितलंत तसं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीतून तपासून घेतलं. डावा तंतू हलत नाही. आवाजाचे व्यायाम सुरू झालेत.

एक मागणं आहे. गळ्याचं ऑपरेशन ठरलेल्या पेशंटना हा गळा आधीच दाखवायची सोय करता आली तर करा. शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन त्यांच्याशी बोलायला मी तयार आहे.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई