प्रभावळकर सर, आमच्या दादाकडून आणि आमच्या सगळ्या घराकडून मनापासून थँक्यू

आदरणीय दिलीप प्रभावळकर सर,

स. न. वि. वि.

तुमची-आमची ओळख नाही. आम्ही डोंबिवलीचे. बाबा सरकारी नोकरीत, आई शाळेत शिक्षिका, मी धाकटी आणि माझा मोठा भाऊ, दादा. दादाचं वय वाढत गेलं पण समज साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकीच राहिली. आता तो पन्नाशी ओलांडून गेलाय आणि माझ्याकडेच असतो. हे पत्र त्याच्या वतीनेही आहे, कारण त्याला लिहिता येत नाही, आणि आई-बाबांच्याही वतीने आहे कारण दोघंही आता नाहीत आणि त्यांचं तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.

तुमची पहिली ओळख अर्थातच चिमणराव. सत्तरच्या दशकाचा शेवट, मुंबई दूरदर्शन, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि तोही बिल्डिंगमध्ये एखाद्याकडेच. चिं. वि. जोशींचा चिमणराव तुम्ही आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. सगळी बिल्डिंग त्या एका खोलीत जमिनीवर दाटीवाटीने बसायची. दादाला तुमचा तो बावरलेला चेहरा दिसला की जाम आनंद व्हायचा आणि आनंद झाला की तो मोठ्याने ओरडायचा, टाळ्या वाजवत पुढेमागे हलायचा. एक दिवस ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी आईला जिन्यात गाठून सांगितलं की याला घरीच ठेवा, बाकीच्यांना ऐकू येत नाही. आईने काही उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर दादा तिथे गेला नाही आणि मग हळूहळू कुठेच जाईनासा झाला. लग्नकार्य नाही, गणपतीला कोणाकडे जाणं नाही, पाहुणे आले की तो आतल्या खोलीत. केस कापायलासुद्धा माणूस घरी यायचा. बाबा वाईट नव्हते हो, दादावर त्यांचा जीव होता, पण लोक वळून बघतात हे त्यांना सहन व्हायचं नाही आणि त्याबद्दल ते घरातही एक अक्षर बोलायचे नाहीत.

मग 'नातीगोती' आलं. जयवंत दळवींचं नाटक, नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, साधं मध्यमवर्गीय घर आणि त्यात शरीराने थोराड झालेला, मनाने लहानच राहिलेला बच्चू. आईच्या शाळेतल्या एका बाईंनी पाहिलं होतं, त्या आईला म्हणाल्या, तुम्ही जा, दोघंही जा. बाबा आधी नाहीच म्हणत होते, असलं काही पैसे देऊन कशाला बघायचं. शेवटी शेजारच्या काकूंना दादाजवळ बसवून आम्ही तिघं दादरला शिवाजी मंदिरला गेलो. इंटरव्हल झाला, लोक बटाटेवड्यासाठी बाहेर धावले, बाबा जागचे उठले नाहीत. आईने विचारलं चहा आणू का, तर नुसती मान हलवली. मला तेव्हा फार काही कळत नव्हतं, पण स्टेजवर अतुल परचुरेंनी केलेला बच्चू बघून मला आमच्या दादाची आठवण येत होती आणि बाबा मात्र बच्चूकडे बघतच नव्हते, ते सगळा वेळ तुमच्याकडे, बच्चूच्या बापाकडे बघत होते.

सर, तुम्ही तो बाप महान केला नाहीत म्हणून मी आज लिहितेय. तो चिडतो, थकतो, मधेच विनोद करतो, त्याला मुलाचा राग येतो आणि लगेच त्या रागाची लाजही वाटते, आपल्यामागे याचं काय हा प्रश्न त्याला रात्रंदिवस खात असतो. त्याला कुणी सोशिक म्हणून ओवाळावं असं तुम्ही कुठेच मागितलं नाही आणि त्याची कीव यावी असंही काही केलं नाही. आमच्या बाबांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी भरलेल्या थिएटरसमोर उभं राहून सांगितलं की तुम्हाला आत जे वाटतं ते दुसऱ्या बापालाही वाटतं, त्याने तुम्ही वाईट होत नाही. परतीच्या लोकलमध्ये दारापाशी उभं राहून ते आईशी बोलत होते, ठाणे गेलं, मुंब्रा गेलं तरी बोलतच होते. दादाबद्दल ते दोघं इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी बाबा दादाचा हात धरून त्याला स्टेशन रोडच्या सलूनमध्ये घेऊन गेले. दादा घाबरला, मशीनचा आवाज झाला की ओरडायचा, आणि बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगत होते, माझा मुलगा आहे, त्याला वेळ लागतो जरा. (हे मला त्या सलूनवाल्या काकांनीच नंतर कधीतरी सांगितलं.) त्यानंतर दर महिन्याची ती फेरी ठरलेली. दादाला अजून सलूनमध्ये जायला खूप आवडतं, पावडर लावून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उतरत नाही.

आणि मग 1991 ला 'चौकट राजा'. म्हणजे ज्या माणसाने स्टेजवर बाप केला तोच आता पडद्यावर मुलगा, नंदू. यावर कुणी फारसं बोललेलं मी ऐकलं नाही, पण आमच्यासारख्या घराला हे किती मोठं आहे ते मी सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंना जाऊन आलेला माणूस तुम्ही. विज्ञान शिकलेले, औषध कंपनीत नोकरी करता करता नाटक करणारे, त्यामुळे बारकाईने बघायची सवय असणारच, पण नुसत्या बघण्याने नंदू होत नाही. दादासारखी माणसं काय करतात याची नक्कल कोणीही करेल, मान वाकडी करायची, बोबडं बोलायचं, झालं. सिनेमात कितीतरी जणांनी केलंय आणि लोक हसलेही आहेत. तुमच्या नंदूला आधी काहीतरी हवं असतं, त्याला मैत्रीण आठवते, त्याला राग येतो, त्याचा हट्ट असतो, आणि मग ते शब्दात नीट येत नाही म्हणून त्याचं सगळं अंग बोलायला लागतं. दादाचं अगदी असंच आहे. मला आतून माहिती होतं पण मी कधी कुणाला समजावू शकले नव्हते.

तो सिनेमा टीव्हीवर लागला त्या संध्याकाळनंतर आमच्या बिल्डिंगमध्ये काय झालं माहितीये का, खाली क्रिकेट खेळणारी मुलं वर आली आणि दादाला खेळायला पाठवा म्हणाली. मोठ्यांनी शिकवलं असेल किंवा त्यांचं त्यांनाच वाटलं असेल. दादाला बॅट धरता येत नव्हती, मग त्यांनी त्याला बॉल आणून देण्याचं काम दिलं आणि त्या कामात त्याच्याइतका प्रामाणिक फील्डर कोणाला मिळाला नसेल. आईने गच्चीवरून हे बघितलं. पुढे आई अशा मुलांच्या पालकांच्या एका ग्रुपमध्ये जायला लागली, तिथे दादा कागदी पिशव्या करायला शिकला, महिन्याला थोडे पैसे मिळायचे ते तो बाबांच्या हातात द्यायचा. सगळं तुमच्या एका सिनेमामुळे झालं असं मी म्हणणार नाही, आईची मेहनत प्रचंड होती. पण दार तुम्ही उघडलंत.

दादाला तुम्ही नंदू म्हणून आठवत नाही. त्याच्यासाठी तुम्ही आबा. 2001 ला अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं, तुम्ही तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होतात हे मला खूप नंतर कळलं, आम्हाला खरंच आपल्याच कोणाचे तरी आजोबा वाटायचात. मालिका ज्या 'अनुदिनी' पुस्तकावर आधारलेली तेही लिहिलेलं तुम्हीच. त्या घरात कारस्थानं नाहीत, कोणी कोणाला विष देत नाही, कोणाच्या चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा आपटत नाही, साधी रोजची माणसं. दादाला मालिकेतल्या भांडणांची भीती वाटते, आवाज चढले की तो कान झाकून आत जातो, त्यामुळे आम्ही बहुतेक काही बघूच शकत नव्हतो. टिपरे लागलं की तो पुढ्यात ताट घेऊन शेवटपर्यंत बसायचा. त्याच काळात बाबा गेले. घर भरलेलं, लोक येतायत जातायत, दादाला काय सांगावं कोणालाच कळत नव्हतं. काही दिवसांनी टीव्हीवर आबा दिसल्यावर तो शांतपणे म्हणाला, आबा आहेत. आणि जेवला, बऱ्याच दिवसांनी नीट जेवला. मालिका संपल्यावर रिपीट बघितले, मग मोबाइलवर बघितले, अजूनही बघतो.

'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचू तुम्हीच हे त्याला अजिबात मान्य नाही, मी फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले तरी नाही. 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजीही त्याच्या मते गांधीजीच. त्या भूमिकेसाठी आणि 'शेवरी'साठी तुम्हाला 2006 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही घरात पेढे आणले होते, आईने देवापुढे ठेवून मग वाटले, घरातल्या कोणाचा तरी रिझल्ट लागल्यासारखे. 'हसवा फसवी'त एकाच प्रयोगात तुम्ही सहा वेगवेगळी माणसं व्हायचात, मी आईबरोबर पाहिलं होतं, आणि त्यातले म्हातारे नट कृष्णराव हेरंबकर आले तेव्हा हसता हसता आई डोळे पुसत होती.

गेल्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरमध्ये मी दादाला 'दशावतार' सिनेमा बघायला घेऊन गेले. खरं तर धाकधूक होती, अंधार, मोठा आवाज, म्हणून कडेच्या सीट घेतल्या, लागलं तर पटकन बाहेर पडता यावं. एक्याऐंशीव्या वर्षी तुम्ही कोकणातल्या रानात ते जे काही केलंय, तो बाबुली मेस्त्री, त्याच्याबद्दल जाणकारांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त एवढं सांगते की तुम्ही पडद्यावर आल्यावर दादा जोरात ओरडला, आबा!, आणि टाळ्या वाजवायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मागे वळून बघितलं, माझं काळीज धस्स झालं, आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं इतक्या वर्षांनी आत्ताच का लिहितेय, तर ज्यांना थँक्यू म्हणायचं ती माणसं एकेक करून जातायत. दळवी गेले, 'चौकट राजा'चे दिग्दर्शक संजय सूरकर गेले, निर्मात्या स्मिता तळवलकर गेल्या, नंदूची आई झालेल्या सुलभा देशपांडे गेल्या. 2024 मध्ये अतुल परचुरे गेले त्या रात्री मला शिवाजी मंदिरमधला तो बच्चू आठवून झोप लागली नाही, आणि त्यांना एक ओळ तरी लिहायला हवी होती असं वाटत राहिलं. तुमच्या 'पत्रापत्री' नाटकातले दोन मित्र किती मोकळेपणाने एकमेकांना पत्रं लिहितात, ते आठवलं आणि म्हटलं आता बसायचंच.

एक विनंती आहे. 'नातीगोती'बद्दल तुम्ही जितकं बोलाल, लिहाल तेवढं हवंय आम्हाला, तो बाप तुम्ही कसा बांधलात, प्रयोगानंतर खरे आई-वडील तुम्हाला भेटायला येत असतील ते काय बोलायचे, हे सगळं. आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये आता विशी-तिशीतली नवीन आई-बाबा येतात, त्यांनी ते नाटक पाहिलेलं नाही आणि त्यांच्यातले काही बाबा अजूनही आमच्या बाबांसारखेच गप्प बसलेले असतात.

दादाला विचारलं, आबांना काय सांगू. तो म्हणाला, जेवायला ये सांग. तर आमंत्रण पोचवलं आहे सर, तुम्ही डोंबिवलीच्या बाजूला कधी प्रयोगाला आलात तर घरी साधा वरणभात आणि त्याच्या आवडीची बटाट्याची भाजी असेल. तब्येतीची काळजी घ्या, धूळ-ऊन जपा.

तुमची,
दादाची धाकटी बहीण