वाशिष्ठीच्या मूळ माशांची नमुन्यांनिशी नोंद व्हावी: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: वाशिष्ठी नदीतील मूळ माशांचे शास्त्रीय संकलन करून त्यांची ओळख निश्चित करण्याबाबत.

महोदय,

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूण येथे वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या पात्रातील गाळ मोठ्या प्रमाणावर काढण्यात आला. शहराच्या रक्षणासाठी ते काम गरजेचे होते आणि पुढेही करावे लागेल, याविषयी माझे दुमत नाही. मात्र नदीच्या कोणत्या टप्प्यात कोणते मासे राहतात आणि कोठे अंडी घालतात, याची भरवशाची नोंद समोर असल्याशिवाय कोणता कोंड (पात्रातील खोल डोह) अबाधित ठेवायचा आणि कोणत्या महिन्यात यंत्रे उतरवायची नाहीत, हे कोणत्याही अभियंत्याला ठरवता येणार नाही. अशी नोंद आपल्या खात्याने करून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

वाशिष्ठीचा प्रश्न कोकणातील इतर नद्यांहून अवघड आहे. कोयना प्रकल्पात वीजनिर्मिती झाल्यावर कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी या नदीत येते आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी इतके पाणी मंजूर केलेले आहे. साठच्या दशकापासून वाहणाऱ्या या पाण्याबरोबर घाटमाथ्यावरील माशांची अंडी व पिल्ले खाली येऊ शकतात. त्यातच राज्यातील जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि हे मासे मूळचे कोकणातले नाहीत. त्यामुळे जाळ्यात आलेला मासा वाशिष्ठीचा मूळचा आहे की बाहेरून आलेला, हे एका ठिकाणच्या पाहणीवरून सांगता येत नाही. कोयनेचे पाणी जेथे मिळते त्याच्या वरचा वाशिष्ठीचा भाग आणि ते पाणी न येणारी तिची उपनदी जगबुडी यांतील मासे स्वतंत्रपणे गोळा करून खालच्या पात्रातील माशांशी ताडून पाहिले, तरच याचा उलगडा होईल.

केवळ नावांची यादी पुरेशी नाही, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले आणि मळ्या, शिंगटी, कोळस ही आपल्या भोयांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावांत कायमची आली. परंतु त्यांनी वर्णिलेल्या बऱ्याच माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नसल्याने त्यांतील काहींच्या ओळखीवरून अभ्यासकांत दीर्घकाळ वाद राहिला. म्हणून प्रत्येक जातीचे मोजके नमुने जतन झाले पाहिजेत. मासा जिवंत असतानाच त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण नमुने टिकवण्याच्या फॉर्मेलिन या द्रवात त्याचे रंग टिकत नाहीत. डीएनए तपासणीसाठी पराचा (माशाच्या पोहण्याच्या पंखाचा) लहान तुकडा आधीच शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा, कारण फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो. त्यानंतर खवले, परांतील काटे आणि मिशा मोजून, ठिकाण व तारीख यांसह नमुन्याला नोंदणी क्रमांक मिळावा. दगडांखाली राहणाऱ्या बोटभर मुऱ्या माशांच्या बाबतीत तर याखेरीज खात्रीची ओळख होणे कठीणच आहे.

हे काम एका फेरीत होणारे नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळांत आणि शेतांत शिरतात, तर मे महिन्यात उरलेले मासे कोंडांत गोळा होतात. दोन्ही वेळी पाहणी हवी. समुद्रात जन्मून गोड्या पाण्यात वाढणाऱ्या अहिरासारख्या सर्पाकार माशासाठी तर दाभोळच्या मुखापासून सह्याद्रीतील ओढ्यांपर्यंत संपूर्ण नदीच पाहावी लागेल, कारण वाटेतला एक बंधारासुद्धा त्याचा मार्ग अडवू शकतो. नदी ज्यांना पाठ आहे, त्या पाग टाकणाऱ्या स्थानिक मच्छीमारांना या कामात मानधन देऊन घ्यावे आणि त्यांनी सांगितलेले नाव नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहावे.

आपल्या खात्याला हे काम नवे नाही. खात्याचे संचालकपद पुढे भूषविलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांतला जेमतेम दोन सेंटिमीटरचा एक मासा शास्त्राला नव्याने ओळख करून दिला होता. अलीकडे आंबोलीच्या हिरण्यकेशीतील लहानशा माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी शासनाने त्या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. तेथे ओळख आधी पटली, म्हणूनच संरक्षण देता आले.

तरी रत्नागिरीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पुणे केंद्र यांच्याकडे हे काम संयुक्तपणे सोपवावे, त्यासाठी किमान दोन पूर्ण वर्षांची तरतूद करावी, नमुन्यांचा एक संच जिल्ह्यातच ठेवावा आणि गाळ काढण्याचे पुढील वेळापत्रक ठरवण्यापूर्वी या नोंदी जलसंपदा विभागाने विचारात घ्याव्यात असे लेखी निर्देश व्हावेत, ही विनंती.

आपला नम्र,
वाशिष्ठीकाठचा एक रहिवासी, चिपळूण