अफवा त्यांच्या भाषेत पोहोचते, मग आरोग्याचा सल्ला का नाही?

प्रति,
डॉ. टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस,
महासंचालक, जागतिक आरोग्य संघटना, जिनिव्हा

महोदय,

आपली लढाई केवळ रोगाच्या साथीशी नाही, खोट्या माहितीच्या साथीशीही आहे, असं आपण फेब्रुवारी 2020 मध्ये म्युनिकला म्हणाला होतात. या दुसऱ्या साथीची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. देशाच्या मुख्य भाषेत ज्यांचा व्यवहार होत नाही, अशा वांशिक अल्पसंख्य समाजांना ती आधी गाठते. मी दुभाषी म्हणून काम करते, म्हणून हे आपल्यापुढे मांडते आहे.

रात्री लेकराला ताप चढतो तेव्हा अशा घरातली आई सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. ती नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारते, मग यूट्यूबवर आपल्या बोलीत सांगणारं कुणी आहे का ते बघते. लिहिता येत नसेल तर बोलून शोधते. फोनला तिची बोली कळली नाही, तर शाळकरी मुलीला टाइप करायला लावते. आणि दुखणं अंगावरून जाण्याचं असेल किंवा मनाचं असेल, तर मुलीला काय सांगणार? तो प्रश्न मग विचारलाच जात नाही. अशा बाईवर ‘आरोग्यसाक्षरता कमी’ असा शिक्का मारणं मला फार अन्यायाचं वाटतं. ती शोधायची थांबलेली नाही. ती जिथे शोधते तिथे आपण नसतो.

तिथे दुसरं कुणीतरी असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात 2004 मध्ये सोमाली समाजातल्या 92 टक्के मुलांना एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस मिळत होती. हा समाज लसीला नाही म्हणणारा नव्हताच. आपल्या मुलांमध्ये स्वमग्नता (ऑटिझम) जास्त दिसते, ही पालकांची काळजी होती आणि तिला धड उत्तर मिळत नव्हतं. लसविरोधकांनी नेमकं तेच हेरलं. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा 1998 चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, पण भीती मागे गेली नाही. 2014 पर्यंत लसीकरण 42 टक्क्यांवर आलं आणि 2017 मध्ये गोवराची साथ आली. 75 रुग्ण, त्यातली बहुतेक सोमाली मुलं.

मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेतला की काम झालं, असं समजणाऱ्यांनाही कृपया थांबवा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णालयातून घरी जाताना दिल्या जाणाऱ्या सूचनांचं यंत्राने केलेलं भाषांतर तपासलं. स्पॅनिशमध्ये 94 टक्के बरोबर, आर्मेनियनमध्ये 55. वेदनाशामक गोळीच्या जागी एका वाक्यात रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र आलं होतं. तेवढी चूक वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. गोळ्यांची संख्या चुकली तर येत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे.

शिवाय भाषा जमली तरी माहिती त्या माणसाची असतेच असं नाही. आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका कमी वजनालाच वाढतो, म्हणून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 झाला की तेव्हापासूनच सावध व्हावं, हे आपल्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये सांगितलं. तरी कितीतरी ऑनलाइन तक्ते सगळ्यांना एकच 25 ची मर्यादा दाखवतात. ‘लालसर पुरळ’ म्हणून गोऱ्या त्वचेचा फोटो लावतात. सावळ्या अंगावर पुरळ तसं लाल दिसत नाही.

माझी मागणी अशी. साथीच्या काळात सूचना निघेल त्याच दिवशी ती देशातल्या अल्पसंख्य भाषांत, ऐकता येईल आणि ग्रुपवर पुढे पाठवता येईल अशा छोट्या ध्वनिफितीत निघावी. प्रत्येक फितीत तारीख बोललेली असावी, म्हणजे जुनी कोणती ते कळेल. मजकूर त्या समाजातल्या जाणकाराने तपासलेला असावा आणि त्या कामाचे त्याला पैसे मिळावेत; आजवर हे काम बहुतेक वेळा फुकट करून घेतलं गेलं आहे. कोणत्या भाषेत सूचना किती दिवसांनी पोहोचली, हे प्रत्येक सदस्य देशाने जाहीर करावं. येत्या जागतिक आरोग्य सभेत आपण हा विषय मांडणार का, एवढं कृपया जाहीरपणे कळवावं.

आपली,
एक दुभाषी