त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू दे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास की टीममधला नवा मुलगा बोलताना अडखळतो आणि मीटिंगमध्ये त्याची वाक्यं तूच पूर्ण करून देतोस, तेवढीच त्याला मदत. इकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून आता निवांत लिहिते.

मदत नाही होत रे त्याने. मामाकडे बघ ना. काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. कधी पहिलं अक्षरच दोन-चारदा येतं, कधी ते ताणलं जातं, तर कधी ओठ मिटतात आणि आवाजच फुटत नाही. अशा वेळी समोरच्याने अंदाजाने शब्द पुरवला आणि तो चुकला, की मामाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फार कंटाळला तर "हो हो" म्हणून सोडून देतो आणि नको तेच घेऊन घरी येतो.

'ब' त्याला फार छळतो. ऑटोत बडकस चौक सांगायच्या ऐवजी तो गांधीगेट सांगतो आणि उरलेलं पायी येतो. आजी विचारायची, "काऊन रे बापा, तिकडेच काऊन उतरला?" अडणारा शब्द टाळून वाक्य फिरवायचं, हे त्याचं दिवसभर चालतं. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून खूप जणांना तेच सगळ्यात जड जातं. तुमच्या मीटिंगमध्ये एकेकाने नाव सांगायचं असतं ना, तेव्हा आपली पाळी जवळ येताना त्या पोराचं काय होत असेल बघ.

आजीने मामाच्या जिभेवर वेखंड उगाळून चोळलं, मधातून अक्कलकाढा चाटवला. पण दोष जिभेत नसतोच, आणि मामा भित्राही नाही. मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव जरा वेगळी चालते आणि पुष्कळदा हे अडखळणं घराण्यातच असतं. बहुतेक वेळा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतं. 100 मुलांमागे साधारण 5 जणांना कधी ना कधी होतं, बहुतेकांचं आपोआप जातं आणि मोठेपणी 100 मागे एखाद्याचं राहतं. दडपणाने ते वाढतं, एवढं खरं. गणपतीची आरती मात्र मामा एकदाही न अडता म्हणतो. गाताना बहुतेकांचं अडतच नाही.

मामाचा तर्री-पोहेवाला मला भारी आवडतो. मामा "बारीक शेव जास्त" सांगायला लागला आणि अडला, की तो पळी तशीच हातात धरून मामाकडे बघत उभा राहतो. मागून कोणी "भैया, दो प्लेट" ओरडलं तर म्हणतो, "रुको, इनका हो जाने दो." चेहऱ्यावर दया नाही, की "आरामात बोला काका" नाही. "सावकाश बोल, श्वास घे" ऐकलं की मामाचं डोकं फिरतं. जणू हे त्याला जन्मात सुचलंच नव्हतं!

तुमचं अर्धं काम व्हिडिओ कॉलवर. तो थांबला की कोणीतरी म्हणणारच, "आवाज कटतोय." टीम लीड आहेस ना तू? मग "कटत नाहीये, तो बोलतोय" एवढं म्हण आणि गप्प राहा. तेवढ्यात मोबाईल चाळू नको. काही कळलं नाही तर खुशाल पुन्हा विचार, उगाच मान डोलवू नको. चॅटमध्ये लिही, असंही आपणहून सुचवू नको. थेरपीचा सल्ला तर नकोच, ते त्याचं तो बघेल.

आणि त्याला एकट्याला गाठून सरळ विचार, "मीटिंगमध्ये तुला कसं सोयीचं पडेल?" कोणाला पहिला नंबर हवा असतो, कोणाला आपलं नाव दुसऱ्याने सांगितलेलं चालतं, कोणाला त्याचाच राग येतो. मामाला पहिला नंबर आवडतो, पण मामावरून त्याचं ठरवू नको. त्याने काय सांगितलं ते मला कळव.

मामा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्यासोबत संत्रा बर्फी पाठवते. अर्धी ऑफिसात ने.

तुझी,
आई