वाळवायचे आहे, शिजवायचे नाही

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुदिना आवरेनासा झाला आहे, बेसिल फुलोऱ्यावर येऊ घातले आहे, थाइम आणि रोझमेरीच्या फांद्या कुंडीबाहेर लोंबू लागल्या आहेत. हे सगळे वाया जाण्याआधी घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये वाळवता येईल का, की त्यासाठी डिहायड्रेटर, म्हणजे वाळवण्याचे खास यंत्र, विकत घ्यावा लागेल, असे तू विचारले आहेस. वाळवता येईल. थोडी थोडी पाने घेऊन, यंत्रासमोरून न हलता काम करण्याची तयारी असेल, तर चांगली वाळवता येतील. डिहायड्रेटरचे शेवटी पाहू.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे पुढच्या सूचना पाठ करण्याची गरज पडणार नाही. वाळवणे हे एक काम दिसत असले तरी ती दोन कामे आहेत. पानातले पाणी बाहेर काढायचे, हे पहिले. आणि बाहेर आलेली वाफ पानाजवळून घालवायची, हे दुसरे. पहिले काम उष्णता करते, दुसरे वाहती हवा करते. मायक्रोवेव्ह पहिल्या कामात वाकबगार आहे, कारण त्याच्या लहरी पानातल्या पाण्यालाच थेट तापवतात. दुसऱ्या कामात मात्र तो अगदी कच्चा आहे. रडारसाठी घडवलेल्या मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या नळीचा, अन्न तापवण्यासाठी उपयोग करण्याची कल्पना १९४५ साली पर्सी स्पेन्सर या अमेरिकी अभियंत्याने पुढे नेली. त्यातून निघालेले हे यंत्र तापवण्यासाठी जन्माला आले, वाळवण्यासाठी नव्हे. त्यामुळे वाफेला वाट करून देण्याचे काम आपल्याला कागदाने, पातळ थराने आणि मधल्या विश्रांतीने करावे लागते. ते केले नाही तर पाने स्वतःच्याच वाफेत शिजतात, काळपट आणि लिबलिबीत होतात, आणि मग कितीही तापवली तरी त्यांना मूळची चव येत नाही.

खुडण्याची वेळ सकाळची ठेव. दव सुकलेले असावे, ऊन चढलेले नसावे. पाने सुगंधी तेलाने सर्वांत भरलेली असतात ती फुले उमलण्याच्या अगदी आधी, त्यामुळे बेसिलच्या बाबतीत आता दिरंगाई करू नकोस. एका वेळी झाडाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, म्हणजे त्याला पुन्हा फुटायला बळ राहते. धुण्याविषयी माझा आग्रह असा की शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी झाडावरच पाण्याचा फवारा मारावा आणि सकाळी कोरडी झालेली पाने खुडावीत. खुडल्यावर धुवायचीच असतील तर स्वच्छ कापडावर पसरून, पृष्ठभागावर पाण्याचा थेंबही उरणार नाही इतकी ती कोरडी होऊ दे. पानावर राहिलेले पाणी हे पानातल्या पाण्याच्या भरीला येते आणि वाफ वाढते.

एकदा पुदिन्याचे पान उलटे करून भिंगाखाली धर. खालच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, अतिशय बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पुदिना, बेसिल, थाइम, ओरेगॅनो, सेज, रोझमेरी ही सगळी एकाच कुळातली मंडळी, आणि त्यांचा वास प्रामुख्याने या ग्रंथींतच असतो. पान चुरगाळले की त्या फुटतात आणि तेल उडून जाऊ लागते. म्हणून पाने देठावरून हलक्या हाताने काढावीत, मुठीत दाबू नयेत, आणि वाळवण्याआधी चिरण्याचा विचारसुद्धा करू नये.

आता प्रत्यक्ष कृती. देठ काढून टाक, कारण देठ आणि पान एका वेळी वाळत नाहीत. देठ ओला राहतो तोवर पान करपते. थाइमसारख्या बारीक पानांच्या काड्या मात्र तशाच ठेवल्या तरी चालतात, वाळल्यावर पाने आपोआप झडतात. एका काचेच्या किंवा चिनी मातीच्या सपाट ताटलीवर किचन टॉवेलचा कागद अंथर, त्यावर पाने एकमेकांवर चढणार नाहीत अशी एकाच थरात मांड, आणि वरून दुसरा कागद ठेव. चार-पाच लहान फांद्यांची पाने एका खेपेला पुरेत. त्याहून जास्त घातलीस तर वेळ वाचत नाही, उलट मधली पाने ओली राहतात आणि कडेची जळतात.

पूर्ण शक्तीवर एक मिनिट लाव आणि दार उघड. पाने मलूल होऊन गडद हिरवी झालेली दिसतील, दाराच्या काचेला आतून दमटपणा आलेला असेल आणि वरचा कागद हाताला ओलसर लागेल. इथे थांबायचे. दार उघडे ठेवून वाफ जाऊ दे, ओला कागद बदल, पाने उलटी कर, ताटलीतली त्यांची जागाही बदल. ही अदलाबदल उगाच नाही: यंत्रातल्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते आणि त्या आतल्या भिंतींवर आपटून परतत असल्याने काही ठिकाणी जास्त तर काही ठिकाणी कमी उष्णता तयार होते, फिरती तबकडी हा फरक कमी करते, पण पुसून टाकत नाही. त्यानंतर २० ते ३० सेकंदांचे टप्पे घे आणि प्रत्येक टप्प्यानंतर हाताने तपास. बहुतेक पानांना सगळे मिळून दोन ते तीन मिनिटे लागतात, पण हा आकडा प्रमाण मानू नकोस. तुझे यंत्र किती वॉटचे आहे, पान किती जाड आहे आणि कालच्या पावसाने ते किती रसरशीत झाले आहे, यावर सारे अवलंबून असते. मिनिटे-सेकंद नेमके सांगणाऱ्या कृतींवर माझा म्हणूनच फारसा भरवसा नाही. आणखी एक सांगतो: बऱ्याच यंत्रांत शक्ती निम्मी केली तरी लहरींचा जोर कमी होत नाही, यंत्र केवळ आळीपाळीने चालू-बंद होत राहते. आपल्याला हे सोयीचेच आहे, कारण बंद असतानाच्या त्या क्षणांत वाफेला निघून जायला अवसर मिळतो. पहिल्या मिनिटानंतर निम्म्या शक्तीवर काम केलेस तर करपण्याची भीती कमी होईल.

केव्हा थांबावे, हेच या कामातले कौशल्य. ताटली हलवल्यावर पाने सुक्या कागदासारखी सळसळू लागली आणि त्यातली एखाद-दोन अजून लवत असली, की यंत्र बंद कर आणि पाने उघड्यावर दहा मिनिटे राहू दे. आत साठलेल्या उष्णतेवर उरलेला ओलावा निघून जातो. त्यानंतरही मधली शीर वाकवल्यावर तुटत नसेल, तरच आणखी एक टप्पा दे. रंगावरून मात्र फसू नकोस. मायक्रोवेव्हमध्ये पाने काळी पाडणारी विकरे (एन्झाइम) झटपट निकामी होतात, त्यामुळे पुदिना फार सुरेख हिरवा राहतो. पण हिरवेपणा म्हणजे सुगंध नव्हे. खरा इशारा नाक देते. स्वयंपाकघर पुदिन्याच्या वासाने भरून गेले की आपल्याला बरे वाटते, पण तो वास पानातून गेलेला असतो, बरणीत येणारा नसतो. वास एकाएकी तीव्र झाला तर टप्पे लहान कर.

ठिणग्यांबद्दल निष्काळजी राहून चालणार नाही. पाणी संपत आले की लहरी शोषून घ्यायला फारसे काही उरत नाही, आणि मग पाने एखाद्याच जागी तापून धुरकटतात, क्वचित कागदही पेट घेतो. म्हणून शेवटच्या टप्प्यांत कोपऱ्यात अर्धी वाटी पाणी ठेवावे. वाळण्याचा वेग थोडा मंदावतो, पण जादा शक्ती ते पाणी घेते. पुनर्वापरातून बनवलेला कागद किंवा वर्तमानपत्र वापरू नये, त्यात धातूचे बारीक कण असू शकतात. जुडी बांधलेली तार चुकून आत जाऊ देऊ नये. आणि यंत्र चालू असताना फोन घ्यायलासुद्धा बाहेर जाऊ नये. आत आग दिसलीच तर दार उघडायचे नाही. यंत्र बंद करून प्लग काढायचा, हवा न मिळाल्याने ती विझते. पेरणीसाठी राखलेले बी मात्र या यंत्रात कधीही वाळवू नकोस, त्याची उगवण मरते.

सगळ्याच वनस्पती वाळवण्याच्या लायक नसतात. थाइम, रोझमेरी, ओरेगॅनो, सेज यांची पाने मुळातच कमी पाण्याची आणि चिवट असतात, त्यांचा वास वाळल्यावरही टिकतो. खरे तर कोरड्या हवेत त्यांच्या जुड्या सावलीत उलट्या टांगल्या तरी काम होते आणि यंत्राची गरजच पडत नाही. पुदिना आणि बेसिल नाजूक. ती टांगून ठेवली तर दमट हवेत वाळण्याआधी काळी पडतात, म्हणून मायक्रोवेव्हचा खरा उपयोग त्यांना. कोथिंबिरीच्या वाटेला जाऊ नकोस: तिचा ताजा वास देणारी द्रव्ये वाळताना उडून जातात आणि मागे गवतासारखा चुरा उरतो. ती चिरून, थोड्या पाण्यात घालून बर्फाच्या साच्यात गोठवलेली बरी.

वाळलेली पाने पूर्ण थंड झाल्याशिवाय बरणीत भरू नकोस. कोमट भरली तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि सारी मेहनत सादळते. बरणी काचेची, घट्ट झाकणाची असावी, तिच्यावर नाव आणि तारीख लिहावी, आणि ती शेगडीपासून व उजेडापासून दूर, कपाटात ठेवावी. पाने अखंडच भर. चुरा करायचा तो वापरताना, म्हणजे उरलेल्या ग्रंथी ऐन वेळी फुटतात. पहिला आठवडाभर रोज बरणी पाहा. झाकणाखाली एखादा थेंब दिसला तर पाने काढून पुन्हा एक लहान टप्पा दे. बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाकून दे, वरवरची पाने वेचून चालत नाही. नीट वाळलेला माल वर्षभर चांगला राहतो. वापरताना ताज्या पानांच्या तिसरा हिस्सा घे, आणि ताजी पाने शेवटी घालतात तशी ही न घालता शिजवण्याच्या आरंभीच्या भागात घाल, त्यांना भिजून वास सोडायला वेळ लागतो.

राहिला डिहायड्रेटर. त्यात पंखा असल्याने मी वर सांगितलेली दोन्ही कामे यंत्रच करते; ३५ ते ४६ अंश सेल्सिअसवर, एक ते चार तासांत, समोर उभे न राहता पाने वाळतात आणि सुगंधही मायक्रोवेव्हपेक्षा अधिक राहतो, हे मान्य केले पाहिजे. साधा ओव्हन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण बहुतेक ओव्हन इतक्या कमी तापमानावर चालतच नाहीत. आणि एअर फ्रायरमध्ये पंख्याच्या झोताने हलकी पाने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतात. तरीही दोन-चार कुंड्यांसाठी नवे यंत्र घेऊन ओट्यावरची जागा अडवावी, असे मला वाटत नाही. पुढच्या हंगामात वाफे वाढवलेस आणि एका वेळी टोपलीभर पाने निघू लागली, तर घे. घेताना त्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत खाली आणता येते का, एवढे मात्र आधी पाहून घे, कारण काही स्वस्त यंत्रांना तापमानाचे बटणच नसते आणि ती पानांसाठी फार गरम चालतात.

तुझा,
बाबा